टाळे लावणे सोपे होते
हिंगोली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची साथकाळातील वाटचाल

हिंगोली जिल्हा वयाने लहान. 1 मे 1999 रोजी तो परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, 2011 च्या जनगणनेप्रमाणे 11 लाख 77 हजार लोकवस्ती आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. नव्या जिल्ह्याचे जे होते तेच इथेही झाले. आधी पाट्या लागल्या, मग इमारती उभ्या राहिल्या आणि माणसांची भरती मात्र मागेच राहिली. मोठे दुखणे निघाले की पूर्वी परभणीची वाट धरायचे, जिल्हा झाल्यावर नांदेडची धरू लागले.

2005 साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या कलम 25 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असावे लागते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, आणि पोलीस अधीक्षक, आरोग्याचा जिल्हाप्रमुख वगैरे सदस्य. हिंगोलीतही ते झाले. लोकांना मात्र त्याची ओळख एवढीच होती की, कयाधूला पूर आला, कुणाच्या अंगावर वीज पडली, की पंचनामा होतो आणि त्याची फाइल त्या खोलीत जाते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले तेव्हाही धावपळ याच यंत्रणेची झाली. पूर, वीज, भूकंप या आपत्त्यांचा एक स्वभाव असतो. त्या येतात, नुकसान करतात आणि जातात. मग मोजमाप, मग मदत. जी आपत्ती दोन वर्षे घरात मुक्काम करते आणि माणसाच्या श्वासातून पुढच्या माणसाकडे जाते, तिच्यासाठी या यंत्रणेचा सराव झालेला नव्हता. हा दोष एकट्या हिंगोलीचा नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याच जिल्ह्याने तसा सराव केलेला नव्हता.

14 मार्च 2020 रोजी राज्य सरकारने कोविडच्या साथीसाठी 1897 च्या साथरोग कायद्याखाली नियम काढले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात मोठे अधिकार आले. त्यावर आपत्ती कायद्याचे अधिकार आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144. हिंगोलीचे तेव्हाचे जिल्हाधिकारी रुचेश जयवंशी यांच्या सहीने दुकान उघडे राहील की बंद, लग्नाला किती माणसे, एसटी धावेल की नाही, हे सगळे ठरू लागले. महसूल खात्याचा प्रमुख, जिल्हा दंडाधिकारी आणि आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष, तिन्ही एकच माणूस. त्यामुळे निर्णय झटपट झाले. पण बैठकीत ‘साहेब, हे जमायचे नाही’ म्हणणारे कुणी उरले का, हेही विचारायला हवे. ते काम सहअध्यक्षाला करता आले असते, पण त्या पदाचे नाव या दोन वर्षांत सामान्य माणसाच्या कानावर फारसे आलेच नाही.

तेव्हाचा एखादा आदेश आजही मोबाइलमध्ये जपून ठेवलेला सापडेल. वर जावक क्रमांक आणि दिनांक, खाली ‘वाचा’ म्हणून आठ-दहा संदर्भांची रांग. मग ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे तीन-चार परिच्छेद, मग ‘त्याअर्थी मी, जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष’. शेवटी भारतीय दंड संहितेचे कलम 188 आणि आपत्ती कायद्याचे कलम 51 यांची तंबी. हा कागद संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येई आणि किराणा दुकानदार थेट तिसऱ्या पानावर जाई, कारण वेळ तिथे लिहिलेली असे. सकाळी किती ते दुपारी किती. बाकीचा मजकूर पोलिसांसाठी आणि कोर्टासाठी. दोन आदेशांमध्ये चार दिवसांचे अंतर असेल तर ते फार वाटायचे. आधीच्या आदेशातल्या कुठल्या ओळी अजून लागू आहेत, हे तलाठ्यालाही सांगता येत नसे.

तरी पहिल्या परीक्षेत जिल्हा चांगल्या गुणांनी पास झाला, हे मान्य करायला हवे. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला आणि तो बरा होऊन घरीही गेला. खरी कसोटी त्यानंतर लागली. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. त्याचे जवान मालेगाव आणि मुंबईला बंदोबस्तावर होते. दोन्ही ठिकाणे तेव्हा साथीने पेटलेली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जवान परतले, त्यांचे स्वॅब घेतले आणि अहवाल येऊ लागले तसे जिल्ह्याच्या यादीत आकडे चढू लागले. मेच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या एकूण रुग्णांत बहुतांश हे जवानच होते. शहरात घबराट पसरली, अफवाही पिकल्या. पण परतलेल्या जवानांना घरोघर न सोडता वेगळे ठेवले, तपासले आणि आजार त्या कुंपणाच्या आत बराचसा थोपवला. कागदावर जिल्हा वाईट दिसत होता आणि प्रत्यक्षात काम नेमके झाले होते. केंद्राने 30 एप्रिलला लाल, नारिंगी आणि हिरव्या जिल्ह्यांची यादी काढली तेव्हा हिंगोली नारिंगीत गेला. शेजारचा वाशीम हिरव्यात होता. त्यावरून हिंगोलीच्या प्रशासनाला बोल लावणे बरोबर ठरले नसते. दुसऱ्यांच्या शहरांत साथ आवरायला गेलेल्या माणसांनी ती घरी आणली होती.

या प्रकरणात जे जमले ते का जमले, हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढे जे जमले नाही त्याचे उत्तरही त्यातच आहे. जवान एका आदेशाने एका जागी येतात. त्यांची यादी असते, कमांडर असतो, बराक असते, पगार थांबत नाही. विलगीकरण म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक ड्युटी. सेनगाव तालुक्यातल्या मजुराचे तसे नसते.

मे महिन्यात तेच मजूर परतू लागले. पुण्याच्या बांधकामांवरून, मुंबईच्या कारखान्यांतून, कुणी ट्रकमध्ये, कुणी पायी. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा त्यांच्यासाठी उघडल्या. ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, शिक्षक आणि आशाताई यांच्या गावपातळीवरच्या समित्या झाल्या. ज्या शाळेत हे लोक चौथी शिकले, तिच्याच वर्गात चौदा दिवस झोपायचे. जेवण घरून यायचे, ते देणारा हात फाटकापाशी थांबायचा किंवा थांबायचा नाही. शौचालयाला पाणी नसले तर माणूस पहाटे शेतात जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गावाने आपल्याच माणसाला वेशीवर अडवल्याची उदाहरणे मराठवाड्यात जागोजागी घडली, तशी शिधा गोळा करून शाळेत पोचवणारी गावेही होती. प्राधिकरणाने समिती नेमली, पण समितीच्या हातात पैसा किती दिला, यावर गावाचे वागणे बरेचसे ठरले.

स्वॅबची गोष्ट वेगळी. जिल्ह्यात सुरुवातीला तपासणीची प्रयोगशाळा नव्हती. नमुने आधी दोनशे किलोमीटरहून दूर औरंगाबादला जायचे, मग नांदेडला सोय झाली. अहवाल येईपर्यंत माणूस संशयित, त्याचे घर संशयित, गल्ली बंद. बांबू आणि पत्रे ठोकून प्रतिबंधित क्षेत्र करायला एक तास पुरायचा, अहवालाला दिवस लागायचे. या संपूर्ण वाटचालीचा सारांश मला या दोन वेळांमधल्या फरकात दिसतो. जे हुकमाने होते ते लगेच झाले. ज्याला यंत्र, माणूस आणि विश्वास लागतो ते रेंगाळले.

15 सप्टेंबर 2020 पासून राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, मधुमेह-रक्तदाबाची नोंद घ्यायची. कल्पना उत्तम. आशाताईच्या पिशवीत ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रजिस्टर आणि घरावर लावायचे स्टिकर. पण हिंगोलीत सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला येते. दिवसा घरी सापडतात ती म्हातारी माणसे आणि कुत्री. मग आशाताईने सकाळी उजाडायच्या आत जायचे किंवा दिवेलागणीला. बोट चिमट्यात ठेवले की यंत्रावर आकडा नाचू लागतो, म्हातारी घाबरून बोट काढून घेते, पुन्हा पहिल्यापासून. ज्या बाईकडून हे काम करून घेतले, तिच्या मानधनाचा प्रश्न जून 2021 मध्ये राज्यव्यापी संपापर्यंत गेला आणि दरमहा हजार रुपये वाढ अधिक पाचशे रुपये कोविड भत्ता, एवढ्यावर मिटला. हा निर्णय मुंबईत झाला, जिल्ह्याचा त्यात हात नाही. पण जिल्ह्याची सगळी धोरणे पंधराशेच्या वाढीसाठी संप करावा लागलेल्या या बाईवर उभी होती, हे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

आता टाळेबंद्यांकडे येऊ. देशाची टाळेबंदी सैल झाल्यावरही हिंगोलीने स्वतःच्या अधिकारात ऑगस्ट 2020 मध्ये दोन आठवडे जिल्हा बंद केला. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी 1 मार्चच्या सकाळी 7 पासून 7 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत संचारबंदी लावली. शाळा, महाविद्यालये, देवस्थाने, मंगल कार्यालये बंद, बँका फक्त कार्यालयीन कामापुरत्या. राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आणले ते एप्रिलमध्ये. म्हणजे हिंगोली महिनाभर आधी जागा झाला होता. याचे श्रेय दिलेच पाहिजे. 11 मार्चला महाशिवरात्र होती आणि औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला त्या दिवशी काय गर्दी लोटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही घाई समजेल.

पण सात दिवसच का? विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच दिवस आणि कधी चौदा लागतात. सात दिवसांच्या बंदने साखळी तुटत नाही, ताणली जाते. त्या ताणलेल्या वेळात खाटा वाढवल्या, चाचण्या दुप्पट केल्या, रुग्णाच्या संपर्कातली माणसे शोधून काढली, तर बंदचे पैसे वसूल होतात. नाहीतर आठव्या दिवशी बाजार दुप्पट गर्दीने उघडतो. मार्चचा पहिला आठवडा म्हणजे जिल्ह्यात हळदीचा हंगाम. शेतात कढया चढलेल्या, शिजवलेली हळद उन्हात पसरलेली, पॉलिशची यंत्रे फिरताहेत. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये वाहनांच्या रांगा लागण्याचे हे दिवस. हळद काही दूध नव्हे, आठवडाभर थांबली तर नासत नाही, असे कार्यालयात बसून म्हणता येते. पण काढणीची मजुरी रोखीने द्यायची असते, सावकाराला मार्चअखेर दिसत असते आणि बँक कार्यालयीन कामापुरती उघडी. संचारबंदी काढताना बाजार समितीला सोबत घेऊन दिवस ठरवून, गावे वाटून माल बोलावता आला असता. एप्रिल 2020 च्या टाळेबंदीचा अनुभव गाठीशी होताच. वर्षभरात तेवढे शहाणपण कागदावर यायला हरकत नव्हती.

मग दुसरी लाट आली ती कुणाला विचारून आली नाही. एप्रिल 2021. ऑक्सिजन, रेमडेसिविर, व्हेंटिलेटर हे तीन शब्द पोराटोरांच्या तोंडी बसले. ‘नांदेडला रेफर केलंय’ हे वाक्य ज्या घराने ऐकले, त्याला त्या नव्वदेक किलोमीटरचा अर्थ कळतो. याच महिन्यात कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी रेमडेसिविर आणण्यासाठी आपली 90 लाखांची मुदत ठेव मोडल्याची बातमी राज्यभर गाजली. लोकांनी कौतुक केले आणि त्या क्षणी ते स्वाभाविकही होते. थंड डोक्याने पाहिले तर त्या बातमीत दोन अपयशे आहेत. सरकारी खरेदीची साखळी तुटल्याखेरीज आमदाराला स्वतःची ठेव मोडायची वेळ येत नाही, हे पहिले. दुसरे अधिक कडू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितले होते की, रेमडेसिविरने जीव वाचतो असा पुरावा नाही, रुग्णालयात दाखल रुग्णांना ते सरसकट देऊ नका. पाच महिन्यांनी अख्खा महाराष्ट्र त्याच कुपीसाठी रात्र रात्र रांगेत उभा होता. जिल्हा प्राधिकरणाने डॉक्टरांची बैठक घेऊन ‘हे औषध कुणाला लागते, कुणाला नाही’ असा एक पानी कागद प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लावला असता, तर कित्येक नातेवाइकांचे दागिने वाचले असते. बंदचे आदेश काढणाऱ्या हाताला हाही आदेश काढता आला असता.

16 मे 2021 रोजी राज्यसभेचे खासदार, कळमनुरीचे राजीव सातव पुण्याच्या रुग्णालयात वारले. वय 46. कोविडनंतरच्या गुंतागुंतीने त्यांना गाठले. ज्या रुग्णालयात ते होते तिथे सगळे उपचार उपलब्ध होते, तरी ते वाचले नाहीत. तेव्हा त्यांच्या मृत्यूवरून जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा निकाल लावणे अन्यायाचे होईल. पण ज्यांना पुणे परवडत नाही, नांदेडही परवडत नाही, त्यांची संख्या जिल्ह्यात किती मोठी आहे, याची जाणीव त्या दिवसांत सगळ्यांनाच झाली.

सरकारी नोंदीप्रमाणे साथीच्या सगळ्या लाटा मिळून हिंगोलीत 22 हजारांहून थोडे अधिक रुग्ण आणि पाचशेच्या थोडे पुढे मृत्यू. राज्यात 81 लाखांहून अधिक रुग्ण आणि 1 लाख 48 हजारांहून अधिक मृत्यू. 2011 ची जनगणना धरली, तर राज्यात शंभर लोकांमागे सात जणांची रुग्ण म्हणून नोंद झाली, हिंगोलीत दोघांचीही नाही. लोकसंख्येच्या मानाने मृत्यू राज्याच्या एक तृतीयांश. हे आकडे घेऊन कुणीही फटाके वाजवील. पण त्याच आकड्यांना दुसऱ्या बाजूने धरा. राज्यात नोंदलेल्या शंभर रुग्णांमागे दोनाहून कमी दगावले, हिंगोलीत सव्वादोनच्या पुढे. रुग्ण कमी आणि दगावण्याचे प्रमाण जास्त, याचा साधा अर्थ असा निघू शकतो की, सौम्य आजाराचे बरेच लोक यादीत आलेच नाहीत आणि जे आले ते उशिरा आले.

याला आणखी एक पुरावा आहे. आयसीएमआरने जून-जुलै 2021 मध्ये केलेल्या चौथ्या रक्त सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निवडक सहा जिल्ह्यांतून 58 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. त्या सहांत आपले दोन शेजारी आहेत, परभणी आणि नांदेड. काहींना लसीमुळे आली असतील, पण तोवर लस घेतलेले लोक थोडेच होते. म्हणजे पूर्णा नदीच्या अल्याड-पल्याड निम्म्या लोकांना विषाणू भेटून गेला असताना हिंगोलीच्या यादीत शंभरात दोन माणसेही नव्हती. विषाणूने जिल्ह्याची हद्द पाहून पाऊल मागे घेतले, असे मानायचे असेल तर गोष्ट वेगळी. मला वाटते, साथ आली, बहुतेकांना भेटली, घरच्या घरी काढ्यावर आणि गोळीवर निभावली गेली आणि प्रशासनाला तिचा छोटासा तुकडाच दिसला. जे दिसत नाही त्याचे नियंत्रण होत नाही.

जून 2021 मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा हा प्रश्न आणखी उघडा पडला. चाचण्यांतल्या बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा पाव भागाहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, सगळे खुले. खाटा पंचवीस ते चाळीस टक्के, तर दुसरा. हिंगोली सुरुवातीला दुसऱ्या स्तरात होता. सूत्र सोपे होते आणि ते बरे होते, कारण निर्बंध कुणाच्या मर्जीवर नव्हे तर मोजमापावर बेतले गेले. पण बाधितांचे प्रमाण कुणाला तपासता यावर अवलंबून असते. बसस्थानकावर धडधाकट प्रवाशांच्या अँटिजेन चाचण्या वाढवल्या की टक्का खाली येतो. तापाच्या घरात जाऊन तपासले की वर जातो. दुकाने उघडायची असतील तर कुठला मार्ग सोयीचा, हे कुठल्याही जिल्ह्याला सांगावे लागत नाही.

लसीकरणात तर सोंग वठवायला जागाच नव्हती. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असलेल्या देशभरातल्या जिल्ह्यांची यादी आली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे तिच्यात होते : औरंगाबाद, नंदुरबार, बुलढाणा, हिंगोली, नांदेड आणि अकोला. हिंगोलीचा आकडा 47.8 टक्के. 3 नोव्हेंबरला पंतप्रधानांनी अशा मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांची दूरदृश्य बैठक घेतली. तोवर जितेंद्र पापळकर जिल्हाधिकारी म्हणून आले होते.

या 47.8 ला एकट्या लोकांचे अज्ञान जबाबदार धरणे सोयीचे आहे. मे महिन्यात लोकांची तयारी होती तेव्हा लस नव्हती. 1 मे रोजी 18 वर्षांपुढच्यांना दारे उघडली आणि दुसऱ्या मात्रांसाठीच साठा पुरेना म्हणून राज्याने दहा-बारा दिवसांत ती मिटली. लस हातात आली तेव्हा पेरणी होती. मग सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाडा धुऊन निघाला आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. उरलेसुरले वाचवायच्या दिवसांत ‘टोचल्यावर दोन दिवस ताप येतो’ हे वाक्य अफवा नव्हते, हिशेब होता. दोन दिवसांची मजुरी बुडणार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, हे कॅलेंडर काही गुपित नाही. लसीकरणाचे सत्र कार्यालयाच्या वेळेत आणि मजूर त्या वेळेत फडात, अशी ही चुकामूक. आजवर पोलिओ आणि गोवराच्या लसी मुलांना द्यायच्या असत, मुले शाळेत किंवा अंगणवाडीत एकत्र सापडत. मोठ्या माणसाला त्याच्या कामाच्या जागी गाठायची सवय यंत्रणेला नव्हती.

नोव्हेंबरात मग धावपळ सुरू झाली. ‘हर घर दस्तक’ ही घरोघरी जाऊन लस देण्याची मोहीम आली. हिंगोली नगर परिषदेने तर लस घेणाऱ्यांसाठी सोडत जाहीर केली, एलईडी टीव्ही, वॉशिंग मशीन अशी बक्षिसे. चंद्रपुरातही असेच चालले होते. काहींनी यावर नाक मुरडले. मला हे वाईट वाटत नाही. औरंगाबादेत लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असा बडगा उगारला गेला होता. गरिबाच्या धान्याला हात घालण्यापेक्षा टीव्हीचे आमिष केव्हाही बरे. दीड वर्षात पहिल्यांदा एका स्थानिक संस्थेने ‘बंद’ सोडून काहीतरी वेगळे करून पाहिले होते.

इथे एक अवांतर. त्या काळात हिंगोलीच्या पालकमंत्री होत्या वर्षा गायकवाड, मुंबईतल्या धारावीच्या आमदार. ज्या धारावीने दारोदार जाऊन रुग्ण शोधले आणि ज्या कामाचे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलै 2020 मध्ये नाव घेऊन कौतुक केले, तीच धारावी. तिथले धडे हिंगोलीच्या पालकमंत्र्यांच्या घरचे होते. नंदुरबारने 2020 मध्येच ऑक्सिजनची सोय करून ठेवली आणि दुसऱ्या लाटेत नाव कमावले, तरी लसीच्या त्या काळ्या यादीत तोही आमच्याच ओळीत बसला. म्हणजे एका विषयात पहिला आलेला दुसऱ्यात नापास होऊ शकतो. आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात भोसी नावाच्या गावाने रुग्णांना शेतातल्या आखाड्यांवर वेगळे ठेवून साथ आवरली, ती कुठल्या आदेशाशिवाय. हिंगोलीत आखाडे काय कमी आहेत?

जानेवारी 2022 ची तिसरी लाट खोकून निघून गेली. एप्रिल 2022 च्या सुरुवातीला राज्याने निर्बंध उठवले. त्याच्या आगेमागे आणखी एक गोष्ट झाली आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आला. प्राधिकरणातली लोकांमधून निवडून आलेली एकमेव खुर्ची, सहअध्यक्षाची, रिकामी झाली. साथीत ती बोलली नाही, साथीनंतर ती उरलीच नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पुढच्या वेळी नमुने आणि रुग्ण दोन्ही नांदेडला पाठवावे लागणार नाहीत, अशी आशा आता धरता येते. त्याआधी 21 मार्च 2024 ला 4.5 रिश्टरचा भूकंपाचा धक्का बसला आणि 10 जुलैला तेवढाच पुन्हा. प्राधिकरण परत आपल्या ओळखीच्या कामाकडे वळले.

माझा निकाल असा : बंद करण्यात हिंगोलीचे प्रशासन राज्याच्या पुढे होते, शोधण्यात आणि टोचण्यात मागे. जवानांच्या प्रकरणात त्याने दाखवलेली शिस्त गावापर्यंत उतरली नाही, कारण गावाला ती शिस्त परवडेल असे काही सोबत दिले गेले नाही. आपत्ती कायद्याच्या कलम 31 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो, तो स्थानिक संस्थांशी बोलून करायचा असतो आणि दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. पूर, वीज, भूकंप यांच्या रकान्यांशेजारी साथीचा रकाना त्यात हवा. त्यात तुमच्या गावची शाळा, तिथले पाणी, आशाताईचा भत्ता, हळदीचा बाजार आणि ऊसतोडीचे महिने लिहिलेले हवेत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा आणि त्या आराखड्याची प्रत तहसील कार्यालयातून मागून घ्या.